आंबा स्क्वॅशच्या लेबलवर परिरक्षकाचे नाव न छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: आंबा स्क्वॅशमधील परिरक्षक व स्थिरकारक यांची नावे किंवा क्रमांक लेबलवर नसल्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीच्या आंबा स्क्वॅशच्या बाटलीवर घटकांच्या यादीअखेर ‘परवानगी असलेले द्वितीय वर्गाचे परिरक्षक आणि स्थिरकारक’ एवढेच छापलेले आहे; म्हणजे पेय टिकवणारा आणि त्याचा दाटपणा राखणारा घटक नेमका कोणता, हे कळत नाही. आपल्याच कोकम सरबताच्या बाटलीवर मात्र ‘परिरक्षक (२११)’, म्हणजे सोडियम बेंझोएट, असा स्पष्ट उल्लेख आहे. एकाच कंपनीच्या दोन बाटल्यांमध्ये हा फरक का असावा, हे मला समजलेले नाही.

माझ्या पतींना दमा आहे. हा स्क्वॅश घेतल्यानंतर त्यांना धाप लागली, तेव्हा डॉक्टरांनी सर्वप्रथम त्यात सल्फाइट (गंधकयुक्त परिरक्षक) आहे का, असे विचारले. त्रास सल्फाइटमुळेच झाला असे मी म्हणत नाही. परंतु बाटली हातात असूनही त्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, ही माझी मूळ तक्रार आहे.

मीठ, साखर, व्हिनेगर, मसाले हे पहिल्या वर्गातले परिरक्षक, तर बेंझोएट, सॉर्बेट आणि सल्फाइट हे दुसऱ्या वर्गातले. या तिघांना एकाच शब्दाखाली झाकणे योग्य नाही. सल्फाइटमुळे दम्याच्या काही रुग्णांची श्वासनलिका आकुंचन पावते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सॉर्बेटसाठी दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे २५ मिलिग्रॅम, तर सल्फाइटसाठी केवळ ०.७ मिलिग्रॅम (सल्फर डायऑक्साइड म्हणून मोजलेले) इतकी मर्यादा ठरवलेली आहे. शिवाय सल्फाइटने कोकम, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग फिका पडतो म्हणून तिथे बेंझोएट वापरतात आणि आंबा, लिंबू यांच्या पेयांत पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (२२४) घालतात, ही फळप्रक्रियेतील सर्वपरिचित पद्धत आहे. त्यामुळे जिथे सल्फाइट असण्याची शक्यता अधिक, नेमक्या त्याच बाटलीवर क्रमांक नाही, ही बाब मला गंभीर वाटते. सल्फाइटचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा अधिक असल्यास ते ॲलर्जीकारक घटक म्हणून जाहीर करणे २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक आहे, तसेच परिरक्षक, स्थिरकारक अशा प्रत्येक मिश्रकाच्या प्रकारासोबत त्याचे नाव किंवा आयएनएस क्रमांकही (मिश्रकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, जसे वरचे २११) द्यावाच लागतो.

स्थिरकारकाचा प्रश्न वेगळा आहे. पेक्टिन (४४०) फळांच्या सालींतून व चोथ्यातून मिळते, ग्वार गम (४१२) गवारीच्या बियांतून, तर झँथन गम (४१५) जिवाणूंच्या किण्वनातून. यांपैकी कशालाही माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो दाटपणामुळे होणाऱ्या समजाला. स्क्वॅश दाट दिसला की गर भरपूर आहे असे ग्राहकाला वाटते, मग तो दाटपणा गमाचा किंवा सुधारित स्टार्चचा का असेना. बाटलीवर पिकलेल्या हापूसचे चित्र मोठे आहे; गर किती टक्के आहे ते मात्र कुठेही नाही.

याबाबत मी ईमेलने विचारणा केली असता ‘सर्व घटक मान्यताप्राप्त आहेत’ एवढे एका ओळीचे उत्तर आले. घटक मान्यताप्राप्त नाहीत असे मी म्हटलेच नव्हते. कोणते आहेत, एवढेच विचारले होते.

तरी सोबत जोडलेल्या लेबलच्या छायाचित्रावरील बॅच क्रमांकासाठी परिरक्षक व स्थिरकारक यांचे क्रमांक, सल्फर डायऑक्साइडचे प्रत्यक्ष प्रमाण आणि आंब्याच्या गराची टक्केवारी १५ दिवसांत लेखी कळवावी, बाटलीची किंमत परत करावी आणि दुकानांत असलेल्या साठ्यावर दुरुस्त लेबल लावावे. समाधानकारक उत्तर न आल्यास मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दाखल करीन. चुकीच्या वा अपुऱ्या लेबलसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५२ मध्ये ३ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, दोन्ही लेबलांची छायाचित्रे, ईमेल पत्रव्यवहार