तहानेची वाट पाहू नये

संपादक महोदय,

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे घरातील ज्येष्ठ ‘मला तहानच लागत नाही’ असे म्हणाले, तरी त्यांच्या शरीराला पुरेसे पाणी मिळते आहे असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तोंडाला कोरड पडली किंवा उठताना गरगरले, तर पाणी कमी पडत असल्याची शंका घ्यावी. प्रत्येक जेवणाबरोबर आणि औषधाच्या गोळीबरोबर पेलाभर पाणी घेण्याची सवय त्यांना आपणच लावायला हवी. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा. मिठाबाबतही, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेल्या दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी या मर्यादेत पाकीटबंद पदार्थांतील मीठही येते, म्हणून ताटात वरून मीठ घेणे आधी थांबवावे.

– एक वाचक