काळा गूळ म्हणजे ऑरगॅनिक, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

कालच्या रविवारच्या पुरवणीत 'ऑरगॅनिक कसं ओळखाल' म्हणून जी चौकट छापलीय त्याबद्दल लिहितेय. लेख तसा बरा होता, फोटो तर फारच छान, त्यातल्या मुलीच्या हातातली पितळी वाटी कुठं मिळते तेही खाली दिलं असतं तर उपकार झाले असते. पण ती चौकट! खुणांची यादी दिलीय आणि त्यातल्या दोन थेट आमच्या पोटावर आल्यात. एक म्हणे, गूळ जितका काळा तितका ऑरगॅनिक. आणि दुसरी, पाकिटावर सेंद्रिय मालाचा तो सरकारी 'जैविक भारत'चा लोगो नसेल तर सरळ फसवणूक समजा.

मी पन्हाळ्याकडची. ऊस घरचा, गूळ घरचा, आणि हंगामात मिस्टर आणि मी पुण्यात रविवारच्या शेतकरी बाजारात टेबल लावतो. तुमचा पेपर लोकांच्या घरात सहाला पडतो आणि बाजार सातला भरतो, त्यामुळं चौकटीचा परिणाम बघायला आम्हाला फार वाट बघावी लागली नाही. आमच्या एक नेहमीच्या बाई आहेत, संक्रांतीचा गूळ आमच्याकडूनच नेतात, त्या चौकटीचा फोटो मोबाईलमध्ये काढूनच आल्या. एक किलोची ढेप हातात घेतली, फिरवून फिरवून बघितली, आणि म्हणाल्या, "मावशी, हा तर पिवळट दिसतोय की, आणि लोगो कुठाय?"

आता काय सांगायचं. मी म्हटलं, ताई, हा माळाच्या तांबड्या रानातला ऊस आहे, ८६०३२ जात, याचा गूळ असाच सोनेरी येतो, मागच्या वेळी तुम्ही नेला तो नदीकाठच्या रानातला होता म्हणून गडद होता. ऊस आमचाच, रस उकळायची काहील तीच, गूळ करणारा गुळव्या तोच. तर म्हणाल्या, "हो, पण पेपरात आलंय." ढेप खाली ठेवली आणि समोरच्या टेबलावरून काळाकुट्ट गूळ घेऊन गेल्या, त्याच्या पाकिटावर गायीचं चित्र होतं. समोरचा तो माणूस शेतकरी नाही, तो व्यापाऱ्याकडून माल उचलतो हे सगळ्या बाजाराला माहितीय. नंतर दुपारपर्यंत किती जणांनी लोगो विचारला ते मी मोजलं नाही, मोजून काय करणार.

साहेब, ज्यांनी ही चौकट लिहिली त्यांना एकदा गुऱ्हाळावर पाठवा, आमच्याकडं या, जेवण आमचं. रस काहिलीत उकळायला लागला की वर मळी येते. ती काढायला आम्ही भेंडीची ताटं ठेचून पाण्यात भिजवतो, त्याचा चिकट रस ओतला की मळी गोळा होऊन वर येते आणि ती झाऱ्यानं काढत राहायची, अडीच-तीन तास एका आदणामागं, म्हणजे काहिलीच्या एका खेपेमागं, माणूस उभा. मळी नीट काढली की गूळ स्वच्छ, सोनेरी नाहीतर तांबूस येतो. ज्यानं कंटाळा केला त्याचा काळा. पाक जास्त चढला की काळा. खारपड रानातला ऊस असला की काळा आणि वर खारट. मागच्या वर्षीचा पावसाळा खाल्लेला गूळ असला तर तो काळाच. म्हणजे तुमच्या खुणेप्रमाणं जो सगळ्यात आळशी तो सगळ्यात ऑरगॅनिक. हां, एकदम पिवळाधमक गूळ असेल तर त्यात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळायची केमिकल पावडर, मारलेलं असण्याची शक्यता जास्त, तेवढं बरोबर लिहिलंय, त्याबद्दल आभार. पण पिवळाधमक नको म्हणजे काळाच पाहिजे असं कुठं असतंय का?

आणि खरी गंमत पुढं आहे. हायड्रॉस, फॉस्फरिक ॲसिड वगैरे न घालता गूळ केला की तो 'केमिकल फ्री', इथपर्यंत ठीक. पण तो ऊस कशावर वाढला? आमच्या भागातल्या एका गुऱ्हाळावर मी डोळ्यानं बघितलंय, एकाच रानातला ऊस, युरिया टाकलेला, तणनाशक मारलेलं. सकाळच्या आदणात हायड्रॉस घातलं, तो पिवळा गूळ गुजरातला गेला कारण तिकडं तसाच लागतो. दुपारच्या आदणात घातलं नाही, तो गडद निघाला, तो 'ऑरगॅनिक' म्हणून पुण्याला. ऊस एकच, फक्त पुडीचा फरक. तुमच्या चौकटीत 'ऊस कसा पिकवला ते विचारा' ही खूण कुठंच नाही, आणि ती एकच खूण कामाची होती.

आता लोगोचं. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सेंद्रिय अन्नाचा नियम २०१७ चा आहे. सर्टिफिकेटचे दोन रस्ते त्यात मान्य आहेत, एक एनपीओपी, म्हणजे बाहेरची संस्था येऊन तपासते तो, आणि दुसरा पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांची रानं तपासायची. आणि त्याच नियमात हेही आहे की छोटा शेतकरी स्वतःचा माल स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही. त्यानं फक्त तो लोगो वापरायचा नाही. म्हणजे कायद्यानं आम्हाला दिलेली सवलत तुमच्या चौकटीनं एका ओळीत फसवणूक करून टाकली. वा!

तुम्ही म्हणाल, मग घ्या की सर्टिफिकेट. होतं आमच्याकडं! केंद्राच्या त्या परंपरागत शेतीच्या योजनेत गट झाला होता, पीजीएसला किमान पाच शेतकरी लागतात, आम्ही बरोबर पाच. मीटिंगा झाल्या, फोटो झाले, जीवामृताच्या टाक्या आल्या, शेण गोमूत्र गूळ बेसन सगळं साहेबांच्या समोर ढवळून दाखवलं. योजनेची तीन वर्षं संपली आणि साहेब गायब, फोन केला तर म्हणाले, आता तुमचं तुम्ही चालवा. तोवर दोघांनी गट सोडला, त्यांनाही दोष देत नाही कारण कारखाना टनावर पैसे देतो आणि युरिया बंद केला की पहिली दोन-तीन वर्षं उसाचा एकरी उतारा धाडकन खाली येतो, घरात लग्न निघाल्यावर माणूस काय करणार. गटात तिघं राहिले, गट मोडला, सर्टिफिकेट गेलं. रान तेच आहे बरं का, माती तीच, बांध तोच. शेजारी तणनाशक मारतो म्हणून त्याच्या बांधालगतच्या चार सऱ्यांचा ऊस आम्ही आजही गुळाला घेत नाही, कारखान्याला घालतो, हे बघायला कुणी येत नाही. एकट्यानं एनपीओपी करायचं तर दरवर्षी फी, तपासणीवाल्याचा येण्याजाण्याचा खर्च, रजिस्टरं, आणि रासायनिक बंद केल्यावर सर्टिफिकेट मिळायच्या आधी निदान दोन वर्षं थांबायचं. टन ऊस गाळून शंभर-सव्वाशे किलो गूळ निघतो, त्यातून ही फी काढायची म्हणजे गिऱ्हाइकाला जो भाव सांगावा लागेल तो ऐकून त्या बाई गूळच सोडून देतील.

आणि सर्टिफिकेट म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही हो. ऑरगॅनिक कापडाला शिक्का देणारी गॉट्स म्हणून संस्था आहे, तिनं २०२० मध्ये भारतातल्या ऑरगॅनिक कापसात तब्बल २० हजार टनांचा खोट्या कागदांचा घोटाळा स्वतःच पकडला होता. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेनं शेतमालाची निर्यात बघणाऱ्या आपल्या अपेडाच्या सर्टिफिकेट व्यवस्थेची मान्यता काढून घेतली. हे सगळं कागद असलेल्यांचं. मी कागद वाईट म्हणत नाही, परदेशी माल पाठवायचा तर तो लागणारच, दुकानात तोंड न बघता विकायचा तरी लागणार. पण जो माणूस टेबलामागं उभा आहे, ज्याला तुम्ही गाव विचारू शकता, रान बघायला येऊ का म्हणू शकता, त्याला चोर ठरवायच्या आधी निदान एक फोन तरी करायचा. आमच्या टेबलावर पत्ता लिहिलेला बोर्ड आहे. आजवर फार थोडे लोक रान बघायला आले, जे आले ते अजून गूळ नेतात.

तर विनंती अशी की ती चौकट दुरुस्त करून छापा, पुढच्या रविवारीच, त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात. वर्गीकृत जाहिरातींच्या खाली कोपऱ्यात नको. आणि जमलं तर त्या पानावर खाली अर्धं पान जी 'शंभर टक्के प्युअर ऑरगॅनिक' तुपाची जाहिरात होती, तिला तुमच्या चौकटीतल्या खुणा लावून बघा. मी भिंग घेऊन लोगो शोधला, मला तरी सापडला नाही. का जाहिरात दिली की लोगो माफ?

लिहायला बसलेच आहे तर अजून एक. तुमच्या पेपरात पूर्वी कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातले गुळाचे सौद्याचे भाव रोज यायचे, पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याचा तर फोटोसुद्धा यायचा. आता ते भाव बंद करून त्या जागी राशिभविष्य डबल केलंय, एक नेहमीचं आणि एक टॅरोचं. आमच्या सासऱ्यांनी भाव बघायलाच पेपर लावला होता, ते अजून रोज सकाळी तो कॉलम शोधतात आणि मग मला विचारतात, आज सौदे बंद होते काय गं. तेवढं परत सुरू करा, टॅरो नसलं तरी आमचं चालेल.

आपली,
एक गूळवाली
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर