शनीपलीकडे सौरपॅनेल पुरणार नाहीत

‘दूरच्या अंतराळमोहिमांना आता अणुऊर्जेची गरज नाही’ हे रविवारच्या अंकातील लेखाचे प्रतिपादन पटले नाही. सूर्यप्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पृथ्वीच्या तुलनेत तो गुरूजवळ २७ पट, तर शनीजवळ सुमारे ९० पट क्षीण असतो. लेखात गौरवलेल्या, गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानाची पॅनेल पृथ्वीजवळ सुमारे १४ किलोवॉट वीज देऊ शकतात, गुरूपाशी उरतात जेमतेम ५०० वॉट. तीच शनीपाशी नेली, तर दीडशे वॉटही मिळणे कठीण. शिवाय मंद प्रकाशात आणि कडाक्याच्या थंडीत काही सौरघटांची कार्यक्षमता अपेक्षेपेक्षाही खाली येते.

उष्णतेचा मुद्दा तर लेखात आलाच नाही. अशा यानांतील अणुइंधन असलेल्या प्लुटोनियम-२३८ या किरणोत्सारी पदार्थाच्या उष्णतेपैकी सहा-सात टक्क्यांचीच वीज होते; उरलेल्या उष्णतेचा काही भाग उपकरणे आणि इंधन गोठू नये म्हणून वापरता येतो. प्लुटोनियमचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, ८७.७ वर्षे आहे. उष्णतेची वीज करणारे थर्मोकपलही झिजत असल्याने सूर्यापासून फार दूर गेलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांची वीज दरवर्षी सुमारे चार वॉटने घटते, हे खरे. पण १९७७ मध्ये निघालेल्या या यानांना एवढ्या अंतरावर दुसरा कोणताही स्रोत पुरला नसता. प्लुटोनियम दुर्मीळ आहे, म्हणून गुरूपर्यंत सौरपॅनेलच वापरावीत आणि ते शनीपलीकडच्या मोहिमांसाठी राखावे.