लुईस आणि साल्वाडोर

महोदय,

डॉनर तांड्यावरचा रविवार पुरवणीतला लेख वाचला. १८४६ साली इलिनॉयहून बैलगाड्या जुंपून कॅलिफोर्नियाला निघालेली माणसं सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या बर्फात अडकली, ८७ पैकी ४८ वाचली, काहींनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, हे सगळं लेखात आहे. पण लुईस आणि साल्वाडोर यांना 'दोन वाटाडे' एवढ्यावर उरकलंय. ते मनाला लागलं.

मी एकतीस वर्षं कुंभार्ली घाटात एसटी चालवली. वडलांची बैलगाडी होती. त्यामुळे तांडा कुठे चुकला ते मला बर्फाच्या आधीच दिसतं. जुलैअखेर वाटेवरच्या फोर्ट ब्रिजर ठाण्याहून त्यांनी हेस्टिंग्ज नावाच्या एका लेखकाची 'जवळची वाट' धरली. ती पुस्तकात छापली तेव्हा तो स्वतः त्या वाटेनं गेलेलाच नव्हता! ४० मैलांचं म्हणून सांगितलेलं मिठाचं वाळवंट ८० मैलांचं निघालं. तहानेनं बैल उधळले ते परत सापडलेच नाहीत. बैल गेला की गाडी म्हणजे नुसती लाकडं. सिएरा नेवाडाच्या घाटापाशी पोचेतो ऑक्टोबर संपला.

अन्न संपत आलं तेव्हा पलीकडून सात खेचरांवर शिधा घेऊन तिघे आले होते: तांड्यातलाच स्टँटन, आणि कॅलिफोर्नियातल्या सटरच्या किल्ल्यावरचे, तिथल्या मिवोक या आदिवासी जमातीचे लुईस आणि साल्वाडोर. या दोघांचं तांड्यात कोणी नव्हतं. तरी आले, आणि अडकले. डिसेंबरात काही जण बर्फातून चालत घाट ओलांडायला निघाले, त्यांत हे दोघेही होते. वाटेत इतरांनी मेलेल्यांचं मांस खाल्लं, यांनी नाही खाल्लं. मग यांनाच मारायचं बोलणं सुरू झालं, तेव्हा हे पळाले. पुढे थकून पडलेले सापडले, तिथेच त्यांना गोळ्या घालून खाल्लं.

गेल्या वर्षी मुलाकडे सॅक्रामेंटोला गेलो, तेव्हा डॉनर तळ्याकाठचं स्मारक पाहिलं. चौथराच २२ फूट उंच. तेवढा बर्फ होता म्हणतात. वर पुतळे आहेत एका वसाहतकरी कुटुंबाचे. मी खाली उभा राहून या दोघांचाच विचार करत होतो.

त्या पायी निघालेल्यांपैकी सात जण वाचले. जानेवारीत ते एका वस्तीत जाऊन पडले. वस्ती तिथल्या आदिवासींचीच होती. त्यांनी या सातांना ओकची फळं खायला घातली, पुढच्या वाटेला लावलं. लेखात हेही नाही. पुढच्या रविवारी दोन ओळी छापा, दोघांच्या नावांसकट.

– एक निवृत्त एसटी चालक, कराड