मंत्रीसाहेब, मराठी रीलवर 'जाहिरात' असं मराठीत कधी लिहून येणार?

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी नारायण पेठेत घरगुती फराळाचा धंदा करते, चकलीची भाजणी, मेतकूट, अनारशाचं पीठ वगैरे. बारा वर्षं झाली, आणि त्यातली शेवटची सहा-सात वर्षं गिऱ्हाईक दारातून कमी आणि फोनमधून जास्त येतंय, त्यामुळे सोशल मीडिया बंद करा, पोरं बिघडली असलं काही सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, माझं घर त्यावर चालतं.

विषय माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचा आहे.

मे महिन्यात त्यांनी एक तेल मागवलं, ७९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी, मला न विचारता. का, तर एक बाई रोज रीलमध्ये येते, नऊवारी, नाकात नथ, मागे तुळस, आणि म्हणते "माझ्या आईला जिना चढता येत नव्हता हो". सासूबाई तिला "आपली ती" म्हणतात, जशी काय वाड्यातली शेजारीण. मी रील नीट बघितलं. कॅप्शन उघडायचं, मग "मोअर" दाबायचं, मग अकरा हॅशटॅग, त्यात नववा इंग्रजीत "कोलॅब". म्हटलं आई, पैसे घेतलेत तिने हे बोलायचे. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "कोलॅब म्हणजे काय गं, कोलेस्टेरॉलचं काही आहे का?"

हसले मी तेव्हा. पण नंतर नियम शोधून वाचला तर चाटच पडले, कारण नियम चक्क चांगलाय. केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर, म्हणजे रीलमधून वस्तू सुचवणाऱ्या लोकांसाठी काढलाय. हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही, व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच दिसलं पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे, आणि ज्या भाषेत वस्तूची भलामण करताय त्याच भाषेत हे सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाख. म्हणजे कागदावर सासूबाईंची सगळी काळजी घेतलेली आहे, फक्त सासूबाईंना आणि त्या नथवाल्या बाईला दोघींनाही ते कुणी सांगितलेलं नाही.

मी पण काही धुतल्या तांदळाची नाही. तीन वर्षांपूर्वी एका खाऊगल्लीवाल्या पेजला मी फराळाचा डबा फुकट पाठवला होता, त्याने "अचानक सापडलेला खजिना" म्हणून टाकला, अचानक कसला, डबा मीच रिक्षाने पाठवलेला! फुकट वस्तू दिली तरी ते सांगावं लागतं हे मला आत्ता नियम वाचताना कळलं.

आणि हे धंद्याचं गणित कसं चालतं तेही सांगते. मागच्या दिवाळीआधी एका एजन्सीच्या मुलाचा फोन आला. म्हणाला मॅडम, सिनेमातली हिरॉईन घेऊ नका, लोकांना कळतं ती पैसे घेऊन बोलतेय, त्यापेक्षा आठ-दहा हजार फॉलोअरवाल्या वीस ताई घ्या, त्या शेजारणीसारख्या वाटतात. म्हटलं पेड आहे असं लिहाल ना? तर म्हणे नको, रीच पडते, म्हणजे रील कमी लोकांना दिसतं. खरंखोटं इन्स्टाग्रामलाच माहीत, पण मी नाही म्हटलं आणि साध्या जाहिरातीला पैसे लावले, वर १८ टक्के जीएसटी भरला, आणि त्या जाहिरातीवर ते "स्पॉन्सर्ड" आपोआप छापून आलं. म्हणजे जो सरळ मार्गाने जातो त्याच्या कपाळावर शिक्का, आणि शेजारीण बनून येतो तो मोकळा.

पुढे तर अजून अवघड होणारे. २०२५ च्या जूनमध्ये व्हॉट्सॲपच्या अपडेट्समध्ये जाहिराती येणार असं त्याच्या मालक कंपनीने, मेटाने जाहीर केलं, म्हणजे काकांच्या गुड मॉर्निंग स्टेटसच्या शेजारी तेलाची बाटली. आणि एआयने बनवलेली खोटी माणसं. परवा एका आजींनी थालीपीठ लावताना मसाल्याचं पाकीट दाखवलं, आवाज, सुरकुत्या सगळं झकास, फक्त थालीपिठाला भोक पाडताना बोट आरपार तव्यातून गेलं. कमेंटमध्ये शंभरेक लोकांनी आजींना नमस्कार केलेला.

तुम्ही म्हणाल हा दिल्लीचा विषय आहे. पण त्याच कायद्यात अशी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते असं लिहिलंय, आणि जिल्हाधिकारी तर राज्याचेच ना? पुण्याच्या कलेक्टर कचेरीत एक टेबल आणि एक व्हॉट्सॲप नंबर द्या, तिथे आम्ही रील फॉरवर्ड करू, कारण स्टोरी २४ तासांत उडून जाते, अर्ज टाईप करून झेरॉक्स काढेपर्यंत ती कुठली राहायला! १९१५ ही हेल्पलाईन आहे, माहितीये, पण आमच्या गल्लीत विचारा किती जणांना ठाऊक आहे. बिल्डरांचं बघा, १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा केला, न छापणाऱ्यांना दंड लावले, आता वाघोली-ताथवड्याच्या फ्लॅटच्या जाहिराती बघताना आमचे हे आधी कोपऱ्यातला कोड शोधतात. इथे तर कोडही नको, रीलच्या सुरुवातीला "ही जाहिरात आहे, मला पैसे मिळालेत" एवढं मराठीत बोलायचंय, तीन सेकंद लागतात, मी घड्याळ लावून बघितलं.

अजून एक. २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन असतो, सरकारी हॉलमध्ये बॅनर, दीपप्रज्वलन, भाषणं, समोर पेन्शनर. ग्राहक पंचायत १९७४ मध्ये ह्याच पुण्यात सुरू झाली, तेव्हा इथे हे नवीन नाहीये. ह्या वर्षी त्या हॉलमध्ये पुण्यातल्या रीलवाल्या पोरापोरींना बोलवा की, नियमाचं एक पान मराठीत छापून हातात द्या. बरीचशी पोरं चांगली आहेत हो, त्यांना एजन्सीवाला जे सांगतो तेवढंच माहीत असतं.

तेलाने गुडघ्याला काही फरक नाही. सासूबाई म्हणतात दुसऱ्या बाटलीपासून पडतो, असं "आपली ती" कालच्या रीलमध्ये म्हणाली. पार्सल आज दुपारी यायचंय.

आपली,
नारायण पेठेतली एक फराळवाली