ग्लेशियर पीक मोहिमेच्या कालबाह्य माहितीपुस्तिकेबाबत तक्रार

दिनांक : 23 सप्टेंबर 2024

प्रति,
व्यवस्थापक, परदेशी मोहीम विभाग,
पुणे.

विषय : माहितीपुस्तिकेतील चुकीचा मार्ग, हंगाम व साहित्य, तसेच शुल्काचा अंशतः परतावा.

महोदय,

स. न. वि. वि.

ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यात आपल्या कंपनीने अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात ग्लेशियर पीकवर नेलेल्या सात जणांच्या गटात मी होते. आमच्यातले चौघे सिएटलच्या परिसरात राहतात, तिघे पुण्याहून मुद्दाम आले होते. शिखर गाठता आले नाही म्हणून हे पत्र लिहिलेले नाही. डोंगरात परत फिरावे लागते, आणि आपल्या लीडरने तो निर्णय वेळेवर घेतला याबद्दल आम्ही त्यांचे आभारीच आहोत. तक्रार अशी आहे की ज्या डोंगराचे वर्णन छापून आपण आमच्याकडून पैसे घेतलेत, तो डोंगर 2003 पासून तसा उरलेला नाही.

आपल्या पुस्तिकेत पहिला मुक्काम व्हाइट चक नदीच्या काठी, केनेडी हॉट स्प्रिंग्ज येथे दाखवला आहे आणि ‘दिवसभराच्या चालीनंतर गरम पाण्याच्या कुंडात विसावा’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. ऑक्टोबर 2003 मधील महापुरात ते कुंड दगडमातीखाली गाडले गेले, व्हाइट चकच्या काठची वाट वाहून गेली आणि डोंगराच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरचे अनेक पूलही गेले. सुइॲटल नदीवरचा पूल तर जुन्या जागी पुन्हा बांधणे शक्य झाले नाही. 2011 साली तो प्रवाहाच्या खालच्या अंगाला, नव्या जागी उभा राहिला. ही काही गुप्त माहिती नव्हे. डॅरिंग्टन गावातल्या वनखात्याच्या कार्यालयात खिडकीपाशी उभे राहून विचारताच ती आम्हाला पाच मिनिटांत मिळाली. आपल्याला ती एकवीस वर्षांत मिळाली नाही, याचे नवल वाटते.

त्यामुळे ऐनवेळी नॉर्थ फोर्क सॉक नदीच्या वाटेने, व्हाइट पास या खिंडीवरून जायचे ठरले. वाट उत्तम होती, मोठमोठ्या देवदारांच्या सावलीतून जाणारी. मुळात याच वाटेने मोहीम आखली असती तर हे पत्र लिहावे लागले नसते. पण जाऊन-येऊन 50 किलोमीटरांहून अधिक पायपीट असलेल्या या मोहिमेतला एक अख्खा दिवस गाड्या फिरवण्यात आणि चौकशीत गेला, आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्या हुकलेल्या दिवसातून निघाल्या. हिमनदीतून येणारे ओढे सकाळी घोटाभर असतात आणि ऊन चढले की बर्फ वितळून फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडायचे असतात. आम्हाला मात्र एक ओढा दुपारी चार वाजता ओलांडावा लागला. पाणी मांडीपर्यंत होते आणि तळाचे धोंडे गडगडत पुढे सरकल्याचा आवाज ऐकू येत होता.

पुस्तिकेनुसार ‘दुसऱ्या दिवसापासून सलग बर्फावरून सोपी चाल’ होती, आणि सोबतचे छायाचित्र उघडच जूनमधले आहे. व्हाइट चक हिमनदीचे क्षेत्रफळ 1958 साली 3.1 चौरस किलोमीटर होते, ते 2002 साली 0.9 वर आले होते. तिची उत्तरेकडची शाखा तर नाहीशीच झाली आहे. आम्ही जिथून तासन्‌तास चाललो तिथे बर्फाच्या जागी घासून गुळगुळीत झालेला कातळ, दगडांचे ढीग आणि डबकी होती. ग्लेशियर गॅपच्या वर सह्याद्रीतल्या कोणालाही ओळखू येईल असा घसारा लागला, फक्त मुरमाऐवजी प्युमिस या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा, म्हणजे एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली. त्याच्याही वर, कूल ग्लेशियर या हिमनदीवर, वसंतातला बर्फ उतरून भेगा उघड्या पडल्या होत्या आणि त्यांच्यावरचे बर्फाचे पूल काठीने टोचताच खचत होते. 3,213 मीटरच्या शिखराखाली, सात जणांत एकच दोर असताना, तेथून फिरणे हाच शहाणपणा होता. ऑगस्टअखेरीस हा डोंगर असाच असतो. या काळात मोहीम न्यायचीच असेल तर तसे स्पष्ट छापावे आणि त्या बेताचे साहित्य द्यावे.

साहित्याबद्दलही लिहिणे भाग आहे. आपल्या यादीत ‘साधे ट्रेकिंग बूट चालतील’ असे होते, पण भाड्याने दिलेले क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर पकड मिळावी म्हणून बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, कडक तळाच्या बुटांसाठीचे होते. ते दोघांच्या पायांतून निसटले, त्यातला एक जण उघड्या बर्फावर होता. पाण्याचे फिल्टर पहिल्याच संध्याकाळी बंद पडले, कारण हिमनदीच्या पाण्यात खडकाची पिठासारखी बारीक भुकटी असते आणि ते पाणी तासभर स्थिर ठेवून निवळल्याशिवाय फिल्टरमध्ये घालायचे नसते. हे कोणीच सांगितले नव्हते. माझ्या आजीची तुरटी आपल्या फिल्टरपेक्षा उपयोगी पडली असती.

शेवटची बाब. पुस्तिकेत या डोंगराला ‘मृत ज्वालामुखी’ म्हटले आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने तो ‘अतिशय मोठा धोका’ या वर्गात ठेवला आहे, आणि ज्या डॅरिंग्टनमध्ये आपण आम्हाला उतरवले ते गावच या डोंगरावरून आलेल्या जुन्या चिखललोटांच्या गाळावर वसले आहे. लोकांनी आपल्या भरवशावर विमा काढताना हा शब्द वाचलेला असतो.

म्हणून आमची मागणी अशी आहे की साहित्याच्या भाड्याचे प्रत्येकी 120 डॉलर पूर्णपणे आणि वाया गेलेल्या एका दिवसाचे शुल्क त्या प्रमाणात परत मिळावे, आणि पुस्तिका दुरुस्त होईपर्यंत या मोहिमेची नोंदणी थांबवावी. पुढच्या गटाची तारीख आपण जाहीर केलेली आहे, त्यामुळे दुसरी मागणी आम्हाला पहिलीपेक्षा अधिक निकडीची वाटते. 30 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास, आमच्यापैकी पुण्यात राहणारे तीन सदस्य ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागतील. पुस्तिकेची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या आणि तारीखवार छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

कळावे,

आपली विश्वासू,
गटाच्या वतीने एक सदस्य,
बॉथेल, वॉशिंग्टन