अभियंत्यालाही अर्थशास्त्र हवे

विद्युत आणि दूरसंचार अभ्यासक्रमांतून आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र वगळावे, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. ही सूचना पटली नाही. 19व्या शतकाच्या मध्यास युरोपात तारायंत्रे उत्तम चालत होती. तरीही अनेक सीमांवर संदेश कागदावर उतरवून पलीकडच्या कर्मचाऱ्याच्या हाती द्यावा लागे आणि तिथून तो पुन्हा पाठवला जाई. अडचण तारेत नव्हती. दर किती, वसुलीची वाटणी कशी, पद्धत कोणाची, यावर देशांचे एकमत नव्हते. 1865मध्ये पॅरिसला 20 देशांनी करार केला आणि त्यातूनच आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ उभा राहिला. रेडिओ लहरींचे पट्टे आजही देशोदेशींच्या वाटाघाटींतच ठरतात. शेजारी देशाकडून वीज घ्यायची तर केवळ तांत्रिक जुळणीने भागत नाही, दराचा करारही व्हावा लागतो.

लेखकाची एक तक्रार मात्र रास्त आहे: हा विषय बऱ्याचदा व्याख्या पाठ करून घेत शिकवला जातो. तो काढून टाकण्याऐवजी विद्यार्थ्यांपुढे असा एखादा खराखुरा करार ठेवावा आणि त्यातला हिशेब त्यांनाच मांडायला लावावा.

– दूरसंचार विषयाचा एक अध्यापक